वऱ्हाडची कपाशी आणि तिचे पान

बुलढाणा जिल्ह्याच्या सिंदखेडराजा तालुक्यातील साखरखेर्डा इतिहासात आले ते ऑक्टोबर 1724 च्या लढाईमुळे. तेथे मुघलांचा सुभेदार मुबारिजखान याचा पाडाव करून निजाम-उल-मुल्काने दख्खनवर आपला अंमल बसवला आणि गावाला फत्तेखेर्डा हे नाव दिले. पुढे निजामाशी झालेल्या 1853 च्या तहाने हे गाव ज्यात येते ते वऱ्हाड इंग्रजांकडे गेले, तेव्हा नव्या धन्याची नजर महसुलाइतकीच येथील कपाशीवर होती.

अमेरिकेतील यादवीच्या काळात (1861–65) वऱ्हाडी रुईला सोन्याचा भाव आला, 1870 मध्ये खामगावपर्यंत रेल्वे पोचली. मात्र लँकेशायरच्या गिरण्यांना हवा होता तो लांब धागा, आणि त्यासाठी आणलेले अमेरिकी बियाणे कोरडवाहू रानात म्हणावे तसे रुजेना. सरकारी दप्तरांत याचा बोल बहुधा शेतकऱ्याच्या निष्काळजीपणाला लागला. हवामान, पिकाची मुदत, कीड अशी कारणे अनेक होती, पण पानाचा विचार त्यात क्वचितच झाला.

गावरान पऱ्हाटीचे, म्हणजे देशी कपाशीचे, पान खोलवर चिरलेले असते, त्याचे खंड अरुंद बोटांसारखे सुटे दिसतात. अमेरिकी पान रुंद आणि उथळ कापाचे. रुंद पानावर स्थिर हवेचा थर जाड बसतो व ऊन साठते, म्हणून ते थंड राखण्यास पर्णरंध्रांतून, म्हणजे पानावरील सूक्ष्म छिद्रांतून, अधिक पाणी वाफ होऊन जावे लागते. चिरलेल्या पानावरून वारा सहज फिरतो आणि उष्णता पाण्यावाचूनही बरीच उतरते. बहुतेक पाऊस चार महिन्यांत आटोपणाऱ्या, आणि त्यातही उघडीप देणाऱ्या या पठारावर हा फरक लहान नाही. पान उलटे करून पाहिले तर मधल्या शिरेवर मधाची बारीक ग्रंथी दिसते, तिच्यावर मुंग्या जमतात आणि किडींवर परस्पर पहारा बसतो. उन्हाकडे धरले तर दिसणारे काळे ठिपके गॉसिपॉल या कडवट विषारी द्रव्याचे.

तुडतुडे या रसशोषक किडीबाबत मात्र खरा प्रश्न पानावरील लवेचा आहे. पानाच्या खालच्या बाजूची लव दाट व लांब असेल, तर या किडीला रस शोषणे आणि अंडी घालणे जड जाते. दक्षिण आफ्रिकेत बार्बर्टन येथे कापूस संशोधक पार्नेल यांनी याच गुणावर ‘यू 4’ हे केसाळ अमेरिकी वाण निवडून तेथील शेती सावरली. भारतात 1970 च्या ‘एच-4’ पासून संकरित अमेरिकी कपाशी पसरली आणि 2002 मध्ये बोंडअळीविरोधी जनुक घातलेली बीटी कपाशी आली. बीटीने बोंडअळीला आळा घातला, रसशोषक किडींना नाही, म्हणून फवारणीचा खर्च शेतकऱ्याच्या माथी राहिलाच. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने ‘एकेए-8401’ सारखे गावरान वाण टिकवले, तरी बाजार लांब धाग्याचाच.

लवेचीही दुसरी बाजू आहे: केसाळ पानावर पांढरी माशी अधिक रमते, आणि यंत्राने वेचणी केल्यास अशा पानाचा चुरा रुईला चिकटतो. अमेरिकेने म्हणूनच गुळगुळीत पानाची वाणे काढली. हाताने वेचणाऱ्या बुलढाण्याला त्यांची निकड नव्हती.