तळहातावरचा तारा : पटकथाकार कर्ट सिओडमाक

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेला माणूस आज भयपटांच्या लेखकावर बोलणार आहे. "बाबा, कांट सोडून भुताखेतांकडे कधीपासून?" असं घरातच विचारून झालं आहे, त्यामुळे तुम्ही विचारू नका.

उलट मीच विचारतो. माणसाचा लांडगा होतो, तो कधी? सगळे म्हणाल, पौर्णिमेला. त्याला मारायचं कशानं? चांदीनं. आता हे तुम्हाला कुणी सांगितलं? आपल्या आजीनं तर नाही. आपल्याकडची भुतं अमावस्येला बाहेर पडतात. मग तुम्ही म्हणाल, युरोपातली जुनी लोककथा असेल. युरोपात माणूस-लांडग्याच्या कथा आहेत, खूप जुन्या आहेत. पण त्यांत माणूस लांडगा होतो तो बहुतेकदा कातडं पांघरून, मंतरलेला पट्टा बांधून किंवा सैतानाशी सौदा करून. म्हणजे तो स्वतः काहीतरी करतो. चंद्र, चावा, चांदी हे धागे इकडेतिकडे विखुरलेले होते; चंद्र आणि चावा तर १९३५ च्या एका चित्रपटातही होता. ते एकत्र ओवून आपण आज 'परंपरा' म्हणतो तो साचा पक्का केला तो कर्ट सिओडमाक नावाच्या जर्मन ज्यू निर्वासितानं, १९४१ ते १९४४ च्या दरम्यान, हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओसाठी, मानधन घेऊन.

हा माणूस १९०२ साली ड्रेस्डेनमध्ये जन्मला. गणित शिकला, पण पोट भरलं लेखणीवर. थोरला भाऊ रॉबर्ट पुढे मोठा दिग्दर्शक झाला. १९३० मध्ये बर्लिनमध्ये 'मेन्शेन आम झोनटाग', म्हणजे 'रविवारची माणसं', हा मूकपट आला. व्यावसायिक नट नाहीत, साधी माणसं, रविवारी तळ्याकाठी जातात, बस्स. कल्पना कर्टची, थोडे पैसेही त्याचेच. दिग्दर्शनात भाऊ रॉबर्ट आणि एडगर उल्मर, लेखनात बिली वाइल्डर, कॅमेऱ्याच्या मदतीला फ्रेड झिनेमन. ही सगळी पोरं पुढे हॉलिवूडमध्ये नावारूपाला आली. त्या चित्रपटात भीती कुठेच नाही. मला तो पाहताना मात्र धास्ती वाटते, कारण तीन वर्षांनी काय होणार हे आपल्याला ठाऊक असतं, पडद्यावरच्या माणसांना नसतं.

१९३२ मध्ये त्याच्या कादंबरीवरून उफा कंपनीनं 'एफ. पी. १' काढला. अटलांटिक महासागराच्या मधोमध एक तरंगता धावपट्टीचा मंच, विमानांनी तिथं उतरून इंधन भरायचं. एकच कथा जर्मन, इंग्रजी आणि फ्रेंच अशा तीन भाषांत, तीन वेगळ्या नायकांना घेऊन चित्रित झाली. तिशीतल्या लेखकाला याहून काय हवं? पण १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. गोबेल्सचं ज्यूद्वेष्टं भाषण ऐकून त्यानं देश सोडायचं ठरवलं, असं सांगितलं जातं. आधी इंग्लंड, मग १९३७ मध्ये अमेरिका. लेखकाचं देश सोडणं हे इतरांपेक्षा अवघड असतं, कारण त्याचं हत्यारच मागे राहतं. चित्रकाराचा रंग बदलत नाही. याची भाषा गेली. पस्तिशीत परक्या भाषेत संवाद लिहून पोट भरायचं!

हॉलिवूडमध्ये मिळालं ते काम त्यानं घेतलं. अदृश्य माणूस परत आला, अदृश्य बाई आली, मेंदू बदलला. १९४१ मध्ये युनिव्हर्सलनं त्याच्या हातात एक नाव ठेवलं : 'द वुल्फ मॅन'. नट ठरलेले, पैसे ठरलेले, तारीख ठरलेली. गोष्ट तेवढी नव्हती. त्याच्या पहिल्या खर्ड्यात नायक खरोखर लांडगा होतो की तसं त्याला वाटतं, हे संदिग्ध होतं. स्टुडिओला लांडगा दिसायला हवा होता. तो दिसला. जॅक पिअर्सनं रंगभूषा केली आणि लॉन चेनी धाकटा केसाळ झाला.

गोष्ट थोडक्यात अशी. लॅरी टॅलबट बऱ्याच वर्षांनी अमेरिकेतून वडिलांच्या घरी वेल्समध्ये येतो. एका रात्री एका मुलीवर लांडगा झडप घालतो, तिला वाचवायला हा धावतो, लांडग्याला मारतो आणि त्या झटापटीत त्याला चावा बसतो. झालं. आता त्याच्या अंगावर पाच टोकांच्या ताऱ्याची खूण आहे, आणि ज्याचा बळी तो पुढे घेणार त्याच्या तळहातावर त्याला तोच तारा दिसतो.

इथं थोडं थांबू. जुन्या कथेतला माणूस कातडं पांघरायचा. सिओडमाकचा माणूस काहीच करत नाही. उलट तो चांगलं काम करायला गेला म्हणून सापडला. आपण तत्त्वज्ञानात दुष्टाव्याबद्दल बोलतो तेव्हा संकल्प आणि निवड हे शब्द आधी येतात. या गोष्टीत निवडच काढून टाकली आहे. उरते ती फक्त खूण.

ताऱ्याचं काय? पिवळा तारा लावण्याचा हुकूम जर्मनीत सप्टेंबर १९४१ मध्ये निघाला, आणि हा चित्रपट त्याच डिसेंबरात, पर्ल हार्बरवरच्या हल्ल्यानंतर पाच दिवसांनी प्रदर्शित झाला. तारखा अशा जवळ आल्या की विद्वानांना सुरसुरी येते. मी सबुरीनं घ्या म्हणेन. चित्रपटातला तारा पाच टोकांचा, ज्यूंचा सहा टोकांचा. आणि हुकमावरून पटकथा बेतली म्हणायला मधे वेळच उरत नाही. पण हुकूम निघायच्या कितीतरी आधी, आपल्यावर न पुसता येणारी खूण आहे, हे त्याला कळून चुकलं होतं. उतारवयात तो स्वतःच मुलाखतीत म्हणाला की, जर्मनीत ज्यू असणं हे नशीब मी मागितलं नव्हतं, ते माझ्यावर लादलं गेलं. तो वुल्फमॅन मीच. पुढे तर त्यानं चंद्राच्या जागी स्वस्तिक ठेवून पाहिलं. लेखकाचे असे उशिराचे खुलासे मी एरवी फारसे मनावर घेत नाही. हा घेतो.

शेवट तर ॲरिस्टॉटलला दाखवावा असा. वडील सर जॉन हे बुद्धिवादी. माणूस लांडगा होतो हा मनाचा खेळ आहे, असं ते मुलाला शांतपणे समजावतात. समजूत पटावी म्हणून त्याला खुर्चीला बांधून ठेवतात. मग धुक्यात जंगलात समोर आलेल्या लांडग्याला चांदीच्या मुठीच्या काठीनं ठार मारतात, आणि पाहता पाहता त्या लांडग्याचा चेहरा त्यांच्या मुलाचा होतो. शोकांतिकेतली कृती आप्तांमध्ये घडावी, अजाणता घडावी आणि ओळख पटावी, हे सगळं 'काव्यशास्त्रा'त आहे. एका प्राध्यापकानं खरोखरच ही तुलना करून सिओडमाकला कळवली. त्याला आधी ते खूळ वाटलं, मग पटलं. आमच्या जमातीचं असं क्वचितच कुणाला पटतं! आणि त्यावर कडी म्हणजे पोलीस अधिकारी जाहीर करतो की लॅरी बिचारा मुलीला वाचवायला आला होता. कागदोपत्री तो निर्दोष. बापाला खरं ठाऊक.

चित्रपटात चार ओळींचं एक पद्य पात्रं पुन्हा पुन्हा म्हणतात : निर्मळ मनाचा माणूसही लांडगा होऊ शकतो, अशा आशयाचं. ते सिओडमाकनं स्वतः रचलं, पण लोक त्याला जुनं लोकगीत समजतात आणि याचा त्याला अभिमान होता. पहिल्या चित्रपटात त्या पद्यात वुल्फ्सबेनच्या, म्हणजे आपल्या बचनागाच्या कुळातल्या वनस्पतीच्या, फुलण्याचा आणि शरदातल्या चंद्राचा उल्लेख आहे, पौर्णिमेचा नाही. पौर्णिमा आली ती १९४३ च्या दुसऱ्या भागात, शेवटची ओळ बदलून. एका ओळीत परंपरा बदलली!

तो दुसरा भागही कसा आला पाहा. तो सांगायचा की स्टुडिओच्या उपाहारगृहात त्यानं निर्मात्याला फ्रँकेन्स्टाइन आणि वुल्फमॅनच्या भेटीवरून एक शाब्दिक कोटी ऐकवली. त्याला तेव्हा मोटार घ्यायची होती. कोटीचंच कंत्राट झालं, मोटार आली. पुढे 'सन ऑफ ड्रॅक्युला'ची कथा त्याची, दिग्दर्शनाला भाऊ रॉबर्ट आला, आणि कर्टच्या सांगण्याप्रमाणे भावानं पहिलं काम केलं ते त्याला काढून टाकण्याचं. दोघांत लहानपणापासूनची चुरस होती. त्यावर अधिक बोलत नाही. भाऊ असलेल्यांना कळेल.

आता माझी एक कबुली. 'बाटलीतला मेंदू' हा संशयवादाचा दाखला मी वर्षानुवर्षं वर्गात दिला : तुमचा मेंदू काढून पात्रात ठेवला आणि त्याला खोटे अनुभव पुरवले, तर ते खोटे हे तुम्हाला कसं कळेल? पटनम यांच्या १९८१ च्या पुस्तकामुळे तो विशेष गाजला. सिओडमाकची 'डोनोव्हन्स ब्रेन' ही १९४२ ची कादंबरी मी निवृत्तीनंतर वाचली. पटनम यांनी ती वाचली होती का, हा माझा मुद्दा नाही. फरक पाहा. आमचा मेंदू बिचारा, फसवला जाणारा. सिओडमाकचा मेंदू विमान अपघातात सापडलेल्या एका कोट्यधीशाचा आहे. डॉक्टर त्याला जिवंत ठेवतो आणि हळूहळू तो मेंदूच डॉक्टरचं शरीर, सही, चाल, सगळं ताब्यात घेतो. आम्ही विचारत होतो, मला खरं कसं कळणार. तो विचारत होता, माझ्यातून कोण बोलतंय. १९४२ मध्ये जर्मनीकडे पाहणाऱ्या माणसाला दुसरा प्रश्न जास्त निकडीचा वाटला असणार. मला वर्गात तो कधी सुचला नाही.

ऑर्सन वेल्सनं ही कादंबरी १९४४ मध्ये रेडिओवर केली, तिच्यावर तीन चित्रपट निघाले, पण त्यांच्या पटकथा त्याच्याकडे आल्या नाहीत. 'आय वॉक्ड विथ अ झोंबी' आणि 'द बीस्ट विथ फाइव्ह फिंगर्स' जरूर पाहा. त्यानं स्वतः दिग्दर्शित केलेल्यांपैकी 'द मॅग्नेटिक मॉन्स्टर' सोडला तर बाकीचे नाही पाहिले तरी चालतील.

१९९७ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्यानं पडद्यावरच्या राक्षसांची तिकिटं काढली. त्यात लॉन चेनीचा वुल्फमॅन आहे. लेखक तेव्हा पंचाण्णव वर्षांचा, कॅलिफोर्नियात थ्री रिव्हर्स इथं राहत होता. पुढच्याच वर्षी बर्लिनच्या महोत्सवानं दोघा भावांचे चित्रपट एकत्र दाखवले. रॉबर्ट १९७३ मध्येच गेला होता. कर्ट २००० च्या सप्टेंबरात गेला, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी.

वेळ संपली, अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. प्रश्न असतील तर विचारा.