मेहरौलीच्या पांढऱ्या कबरी आणि स्मृतीचे वारस

गेलेल्या माणसाची आठवण कोणी जपायची, या प्रश्नाचे उत्तर भारतीय समाजाने बहुधा वंशाच्या भाषेत दिले आहे. पिंडदान करणारा मुलगा, कबरीवर फातेहा पढणारी नातवंडे आणि ओसरीवरची हार घातलेली तसबीर ही स्मरणाची रूढ साधने होत, आणि ज्याच्या वाट्याला यांपैकी काहीच येत नाही त्याच्याविषयी 'मागे पाणी द्यायलाही कोणी उरले नाही' असे मराठीत हळहळून म्हटले जाते. समलिंगी, तृतीयपंथी आणि पारलिंगी, म्हणजे जन्मवेळी नोंदवलेल्या लिंगाहून वेगळी ओळख सांगणाऱ्या, अशा अनेकांना घरदार सोडावे लागल्यामुळे हे वाक्य त्यांना तंतोतंत लागू पडेल असे वरवर पाहता वाटते. दिल्ली आणि तिच्या परिसराचा इतिहास मात्र वेगळे सांगतो: या लोकांनी रक्ताच्या नात्याबाहेर वारस घडवले, त्या वारसांनी मृतांचे स्मरण टिकवले, आणि राज्यसत्तेने घाव घालायचे ठरवले तेव्हा तोही याच वारशावर घातला.

या परंपरेची सर्वांत जुनी दृश्य खूण दक्षिण दिल्लीतील मेहरौली येथे, बाजाराच्या गर्दीतून आत वळणाऱ्या एका अरुंद वाटेवर आढळते. 'हिजडों का खानकाह' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या आवारात लहानशी मशीद आणि चुन्याने पांढऱ्या केलेल्या 49 कबरी असून त्यांचा काळ लोदी राजवटीचा, म्हणजे 1451 ते 1526 या दरम्यानचा, मानला जातो. खानकाह म्हणजे सूफी साधकांचा मठ. ज्यांच्यामुळे मेहरौलीला सूफी परंपरेत मोठे स्थान मिळाले त्या कुतुबुद्दीन बख्तियार काकी यांचा दर्गाही याच वस्तीत आहे. आवारातील मुख्य कबर 'मियाँ साहेब' यांची असल्याचे परंपरा सांगते, आणि उरलेल्या कबरींमधून कोणत्याही एका व्यक्तीचा जीवनवृत्तान्त हाती लागत नाही. आजच्या संज्ञा 15व्या शतकातील माणसांना सरसकट लावता येत नाहीत हे खरे असले, तरी विसाव्या शतकापासून या जागेची देखभाल जुन्या शहरातील तुर्कमान गेट भागातील हिजडा समाजाकडे आहे, त्या समाजाचे लोक सणावारी येथे येऊन गोरगरिबांना अन्नदान करतात आणि आपल्या पूर्वसुरींची जागा म्हणून तिचा मान राखतात.

येथे 'पूर्वसुरी' या शब्दाचा अर्थ जन्मदाते असा नसून गुरुपरंपरेतील वडीलधारे असा आहे. हिजडा समाजाची रचना गुरू आणि चेला या नात्यावर उभी असते: घर सोडून आलेली व्यक्ती एखाद्या गुरूच्या नावावर दाखल होते, गुरूमुळे तिला घराणे, गुरुबहिणी आणि कामाचा इलाका मिळतो, आणि गुरूचे घर, चीजवस्तू व जबाबदाऱ्या पुढे चेल्यांकडे येतात. काही घराण्यांत गुरूच्या मृत्यूनंतर चेल्याने विधवेप्रमाणे पांढरी वस्त्रे नेसून शोक पाळण्याची रीत अभ्यासकांनी नोंदवली आहे. बाहेरच्या समाजात मात्र हिजड्यांच्या अंत्ययात्रा मध्यरात्री निघतात आणि प्रेताला जोड्यांनी मारले जाते, अशा वदंता पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहिल्या. समाजातील अनेकांनी त्या वारंवार नाकारल्या असूनही त्या टिकल्या, कारण ज्यांच्या दुःखात कोणी सहभागी होत नाही त्यांच्या दुःखाविषयी काहीही खपून जाते.

स्मारक उभारण्याचे सामर्थ्य पदावरही अवलंबून असते. मोगल दरबारातील ख्वाजासरा, म्हणजे जनानखान्यापासून खजिन्यापर्यंतचा कारभार पाहणारे खच्ची केलेले अधिकारी, हा हिजडा समाजापेक्षा वेगळा वर्ग होता. त्यांच्यापैकी जावेद खान याने 1751 च्या सुमारास लाल किल्ल्याजवळ बांधलेली सुनहरी मशीद आजही उभी आहे. तो स्वतः 1752 मध्ये वजीर सफदरजंगाच्या कारस्थानात मारला गेला, परंतु इमारतीमुळे त्याचे नाव राहिले. ज्यांच्यापाशी दरबार नव्हता त्यांच्यासाठी चेला हेच स्मारक होते.

हा धागा 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तोडू पाहिला. त्याचा दुसरा भाग खास 'खोजां'विषयी होता, आणि या शब्दात सरकारने हिजड्यांनाही गणले. मुले पळवणे, खच्ची करणे किंवा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या दंडसंहितेच्या कलम 377 खालील अपराध करणे यांचा ज्यांच्यावर संशय असेल त्यांची नावे व मालमत्ता सरकारदप्तरी नोंदवावी, त्यांनी स्त्रीवेशात उघड्यावर वावरल्यास वा नाचगाणे केल्यास शिक्षा करावी, असे त्यात फर्मावले होते. परंतु सर्वांत खोल घाव वेगळ्या तरतुदीत होता: नोंद झालेल्या व्यक्तीला मृत्युपत्र करता येणार नव्हते, बक्षीसपत्र करता येणार नव्हते, अज्ञान मुलाचे पालक होता येणार नव्हते आणि दत्तकही घेता येणार नव्हते. दिल्ली तेव्हा पंजाब प्रांतात होती, तर आज राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडणारे मेरठ आणि बुलंदशहर वायव्य प्रांतात होते. कायदा दोन्ही प्रांतांना लागू झाला. सरकारला या समाजाची पुढली पिढीच नको होती, आणि पुढली पिढी नसेल तर मागलीचे नाव घेणारेही राहणार नाहीत, हा त्याचा अटळ परिणाम होता.

तरीही परंपरा तुटली नाही, हे मोना अहमद यांच्या आयुष्यावरून दिसते. तुर्कमान गेटच्या हिजडा समाजातील मोना यांनी आयेशा नावाची मुलगी दत्तक घेतली. पुढे त्या मुलीशी ताटातूट झाली, समाजाशीही दुरावा आला, आणि त्यांनी जुन्या दिल्लीतील कबरस्तानातच घर बांधून मृतांच्या शेजारी संसार मांडला. छायाचित्रकार दयानिता सिंग यांच्याशी जुळलेल्या दीर्घ स्नेहातून 2001 मध्ये मोना यांच्यावरील पुस्तक निघाले, त्यात मोना यांची स्वतःची पत्रे आहेत. 2017 मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा, मेहरौलीच्या कबरींमधील माणसांना जे लाभले नव्हते ते, म्हणजे स्वतःच्या शब्दांतले आत्मवृत्त, त्यांच्या मागे होते.

शहरातील समलिंगी चळवळीत चेल्याची जागा मित्राने घेतली. वकील सिद्धार्थ गौतम हे 'एड्स भेदभाव विरोधी आंदोलन' या दिल्लीतील गटाचे एक प्रमुख कार्यकर्ते होते. या गटाने 1991 मध्ये समलैंगिकतेच्या भारतातील स्थितीवर नागरिकांचा अहवाल प्रसिद्ध केला, आणि पुढच्याच वर्षी गौतम ऐन तारुण्यात वारले. त्यांच्या मित्रमंडळींनी त्यांच्या नावाने चित्रपट महोत्सव भरवले, तर गटाने 1994 मध्ये कलम 377 विरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात याचिका दाखल केली. ती तडीस गेली नाही, तरी समलिंगी संबंधांना गुन्ह्याच्या कक्षेतून वगळणारा त्याच न्यायालयाचा 2009 चा निकाल आणि सर्वोच्च न्यायालयाचा 6 सप्टेंबर 2018 चा निकाल या वाटेवर ते पहिले पाऊल होते. रामजस कॉलेजात इतिहास शिकवणारे सलीम किदवई यांनी रूथ वनिता यांच्यासह 2000 साली समलिंगी प्रेमाविषयीचे भारतीय साहित्य एकत्र आणले. 2021 मध्ये ते गेले, तेव्हा पूर्वजांची शोधाशोध करणारा हा अभ्यासक स्वतःच नंतरच्यांचा पूर्वज झाला होता.

कायद्याने मात्र हे नाते अद्याप पुरते मानलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाने 17 ऑक्टोबर 2023 रोजी समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. त्यानंतर ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना पाठवलेल्या पत्रात, जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर जोडीदाराला मृतदेहाचा ताबा मागता यावा, असा विषय आला. 'नातेवाईक नसतील तर' या अटीत 1871 च्या कायद्यामागची समजूत अजून शिल्लक आहे, की खरा वारस रक्ताचाच. मेहरौलीतील कबरींचा सांभाळ करणाऱ्यांपाशी तशा नात्याचा एकही कागद नाही, आणि तरीही सुमारे पाचशे वर्षांनंतर त्या कबरींना चुना लागतो आहे.