कल्हई व झाळकाम
तांब्यापितळेच्या भांड्यांना आतून कथिलाचा पातळ थर देण्याच्या क्रियेस कल्हई म्हणतात. धातूचे दोन भाग त्यांहून कमी तापमानास वितळणाऱ्या मिश्रधातूने सांधणे म्हणजे झाळकाम. दोन्हींचे यश अभिवाहावर (धातूवरील ऑक्साइडाचा थर काढणाऱ्या व तापविताना तो पुन्हा बनू न देणाऱ्या पदार्थावर) अवलंबून असते. पृष्ठ मळके राहिल्यास वितळलेले कथिल पसरत नाही, त्याचे गोळे होतात.

अभिवाहांचे ज्ञान भारतात जुने आहे. टाकणखारास संस्कृत कोशांत ‘लोहश्लेषण’ (धातू जोडणारा) असे अन्वर्थक नाव आढळते. तिबेटातील सरोवरांकाठचा हा क्षार व्यापारामार्फत सोनार-तांबटांपर्यंत पोहोचे. नवसागर विटा भाजताना मिळतो, असे रसरत्नसमुच्चय  या ग्रंथात सांगितले आहे.

वाशीम, कारंजा यांसारख्या वऱ्हाडातील बाजारगावीही कल्हईवाल्याची रीत इतरत्र होती तीच : जमिनीत खड्डा करून भट्टी पेटवावयाची, भात्याने वारा घालावयाचा आणि तापलेल्या भांड्यात नवसागराची पूड टाकावयाची. उष्णतेने नवसागराचे अमोनिया व हायड्रोजन क्लोराइड यांत विघटन होते. यांपैकी दुसऱ्याची ऑक्साइडाशी विक्रिया होऊन पृष्ठ स्वच्छ होते. मग कथिलाची कांडी टेकवून (कथिल २३२° से. ला वितळते) कापसाच्या बोळ्याने ते सर्वत्र फिरवितात. निघणारा पांढरा धूर डोळ्यांना व घशाला झोंबतो; म्हणून हे काम उघड्यावरच होई. कल्हई झिजलेल्या भांड्यात ताक किंवा आमटी कळकते, हे घरोघरी ठाऊक होते.

खरा धोका मात्र भेसळीचा. शिसे कथिलापेक्षा स्वस्त असून त्याच्या मिश्रणाने वितळबिंदू उतरतो. परंतु आंबट पदार्थांत विरघळून ते पोटात जाते व शरीरात साचते. लहान मुलांच्या मेंदूस त्याची विशेष बाधा होते. शुद्ध कथिलाची कांडी वाकविताना करकर असा आवाज येतो. शिसे बरेच असल्यास तो येत नाही आणि कांडी कागदावर करडी रेघ उमटविते.

अगंज पोलादाची भांडी आल्यावर कल्हई मागे पडली. रेडिओ व विद्युत् उपकरणांच्या दुरुस्तीत मात्र झाळकाम वाढले. तेथे नवसागर वर्ज्य आहे, कारण त्याचे अवशेष बारीक तारा खातात; त्याऐवजी राळ वापरतात. कथिल-शिशाची ठराविक प्रमाणातील झाळ १८३° से. ला वितळते. यूरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून विद्युत् उपकरणांतील शिशावर निर्बंध घातले. कथिल, चांदी व तांबे यांची पर्यायी झाळ सु. २१७° से. ला वितळत असल्याने हत्यार अधिक तापवावे लागते. राळेचा धूर दम्यास कारणीभूत ठरू शकतो. त्यामुळे खेळती हवा व काम संपल्यावर हात धुणे आवश्यक असते.