सोळा दिवे उजवीकडे, चार सरळ

तैपेईचा चिआंग काय-शेक विमानतळ, म्हणजे आजचा ताओयुआन. सिंगापूर एअरलाइन्सचे एसक्यू ००६, लॉस एंजेलिसला निघालेले बोइंग ७४७-४००. आत १७९ माणसे.

१३ सप्टेंबर २०००
'०५-आर' धावपट्टीचा एक भाग दुरुस्तीसाठी बंद होतो. ०५ म्हणजे होकायंत्रावरचे साधारण ५० अंश. दोन समांतर पट्ट्यांपैकी 'एल' डावी, 'आर' उजवी. वैमानिकांसाठीच्या 'नोटॅम'मध्ये बंदीची नोंद पडते. पट्टीचा उरलेला भाग टॅक्सीवे म्हणून वापरात राहतो. तिच्या तोंडाशी 'बंद' सांगणारी फुली नाही की आडवा अडथळा नाही.

३१ ऑक्टोबर, रात्री ११:००
झांगसेन वादळाचा पाऊस कोसळतो आहे. विमान बी-५ या जागेवरून हलते. ०५-आरवर काम चालू आहे, हे वैमानिकांना ठाऊक आहे.

११:०५:५७
०५-एलकडे जाण्याची परवानगी मिळते. विमान निसरड्या टॅक्सीवेवरून सावकाश निघते. वैमानिकांचे सगळे लक्ष वारा, पाऊस आणि वेग यांच्यावर. नियंत्रकांना मनोऱ्यातून विमान दिसत नाही. जमिनीवरची विमाने दाखवणारे रडार या विमानतळावर नाही.

११:१५:२२
०५-एलवरून उड्डाणाला परवानगी. वैमानिक पट्टीचे नाव बरोबर उच्चारतात.

११:१६च्या सुमारास
विमान एन-१ टॅक्सीवेवर वळते. दिव्यांचेही एक व्याकरण असते: टॅक्सीवेची मध्यरेषा हिरवी, धावपट्टीची पांढरी. ०५-एलला जायचे तर आधी ०५-आर ओलांडून सरळ पुढे जायला हवे. पण डांबरात बसवलेले हिरवे दिवे काय सांगतात? उजवीकडे ०५-आरवर वळणारे १६ दिवे, दर साडेसात मीटरला एक, अशी सलग माळ. सरळ पुढच्या वाटेवर फक्त चार, एकमेकांपासून लांब लांब. त्यातला एक बंद, एक मंद. पावसाने धुतलेल्या काचेतून माळ दिसते, विखुरलेले ठिपके हरवतात.

विमान माळेमागे जाते आणि २१५ मीटर आधीच वळते. समोर ४५ मीटर रुंदीची पट्टी, मध्यरेषा हिरवी. खरी पट्टी ६० मीटर रुंद, मध्यरेषा पांढरी. विमान योग्य पट्टीच्या मध्यावर आले की कॉकपिटमधले एक उपकरण जागे होते. ते जागे होत नाही. हे सहवैमानिकाच्या लक्षात येते. पण पट्टी तर डोळ्यांना दिसते आहे, म्हणून तो धागा तिथेच सुटतो.

११:१६:३६
इंजिनांचा जोर वाढतो. पुढे अंधारात दोन एक्स्कव्हेटर, दोन रोलर, एक छोटा बुलडोझर, काँक्रीटचे कठडे आणि खणलेले खड्डे.

११:१७
आता थांबता येणार नाही, असा वेग गाठून झाला आहे. कॅप्टनला समोर काहीतरी दिसते. धाव सुरू होऊन सुमारे ४१ सेकंद झालेली असतात. विमान यंत्रांवर आदळून तुटते, भरलेल्या टाक्या पेट घेतात. ८३ जणांचा मृत्यू होतो.

त्यानंतर
तैवानच्या चौकशीने वैमानिकांनी पट्टीची खातरजमा न केल्याचे नोंदवले आणि दिवे, खुणा, फलक यांतल्या त्रुटीही मांडल्या. सिंगापूरने विमानतळाच्या उणिवांवर अधिक बोट ठेवले. तैवान आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा सदस्य नसल्याने तिच्या तपासणीच्या कक्षेबाहेरच राहिला होता.

पट्टीची रुंदी, दिव्यांचा रंग, गप्प बसलेले उपकरण, तिन्ही गोष्टी नकार देत होत्या. होकार देत होती ती फक्त दिव्यांची माळ. ०५-आरच्या काठाचे दिवे त्या वेळी लागलेले होते का, याचा निकाल मात्र चौकशीलाही लावता आला नाही.