वरच्याचे फासे

विश्वातील प्रत्येक कणाची या क्षणीची स्थिती आणि त्यावरील सर्व बले ज्या बुद्धीला ठाऊक असतील, तिला भविष्य हे भूतकाळाइतकेच स्पष्ट दिसेल, असे लाप्लासने १८१४ साली लिहिले. यदृच्छा म्हणजे आपले अज्ञान! शतकभर पदार्थविज्ञान या श्रद्धेवर निश्चिंत होते.

१९२६ साली माक्स बॉर्नने तिला तडा दिला. टकरीनंतर कण कोठे जाईल हे गणित सांगत नाही. कोठे जाण्याचा संभव किती, एवढेच सांगते. हा संभव तरंगाच्या उंचीच्या वर्गावरून काढायचा, हा आजचा मूलमंत्र त्या लेखात केवळ तळटीप म्हणून आला!

त्याच डिसेंबरात त्याचा स्नेही आइन्स्टाइन याने कळवले, की तो 'वरचा' फासे खेळत नाही अशी आपली खात्री आहे. १९५५ मध्ये आइन्स्टाइन वारला. वाद तसाच राहिला.

१९६४ साली जॉन बेलने त्याला प्रयोगशाळेची वाट दाखवली. जोडीच्या कणांनी उत्तरे आधीच ठरवून बरोबर नेली असतील, आणि दूरचा कण त्यांत ढवळाढवळ करीत नसेल, तर त्या उत्तरांतील मेळाला एक मर्यादा पडते. १९७२ मध्ये फ्रीडमन व क्लाउझर यांना, १९८२ मध्ये आस्पे व त्याच्या सहकाऱ्यांना ती मर्यादा ओलांडलेली आढळली.

मग लाप्लास हरला काय? अगदी तसे नाही. बोमची १९५२ मधील नियतिवादी मांडणी अजून उभी आहे. मात्र तिला दूरच्या कणाचा तत्क्षणी पडणारा प्रभाव मानावा लागतो. नियती परत मिळते खरी. पण आइन्स्टाइन द्यायला तयार नव्हता, ते मोल मोजूनच.