गळाला लागलेला इतिहास

"बाबा, सोडूया ना तिला परत पाण्यात!"

तीन वर्षांपूर्वीची मे महिन्यातली रविवारची सकाळ. बोडेनझे, म्हणजे इंग्रजीत ज्याला लेक कॉन्स्टन्स म्हणतात त्या सरोवरापासून अर्ध्या तासावर एक खासगी तळे आहे. त्याच्या काठावर मी आणि माझी बारा वर्षांची लेक उभे होतो. तिच्या गळाला आयुष्यातली पहिली ट्राउट लागली होती. हातजाळ्यात ती चमकत होती, अंगावर तो प्रसिद्ध गुलाबी पट्टा. आणि आम्हाला ती सोडता येत नव्हती.

मंडळी, आपल्यासारख्या कोकणातून आलेल्या माणसाला मासे धरण्यासाठी परीक्षा द्यावी लागते हेच मुळात पचत नाही. मास्टर्ससाठी मी जर्मनीत आलो तेव्हा हे ऐकून पोट धरून हसलो होतो. पुढे लेकीच्या हट्टापायी मलाच ती द्यावी लागली. तीस तासांचा वर्ग, साठ प्रश्न. माशाचे कल्ले कुठे, मूत्रपिंड कुठे, पाण्यात प्राणवायू किती, कायदा काय. आमच्या आयटीतल्या कुठल्याही सर्टिफिकेशनसाठी मी इतका अभ्यास केलेला नाही! मी पास झालो, मग माझ्या देखरेखीखाली लेकीला मुलांचा परवाना मिळाला.

त्यामुळे नियम मला पाठ होता. १९७२ च्या प्राणीसंरक्षण कायद्याचे पहिलेच कलम सांगते की, सयुक्तिक कारणाशिवाय कोणीही प्राण्याला वेदना, यातना किंवा इजा देऊ नये. मासा खाण्यासाठी धरणे हे कारण चालते. नुसत्या मजेसाठी धरायचा, फोटो काढायचा आणि सोडून द्यायचा, हे कारण इथे मानत नाहीत. इंग्लंड-अमेरिकेत जे सभ्य गळवाल्याचे लक्षण, ते इथे शिक्षेस पात्र होऊ शकते. लहान मासा किंवा विणीच्या हंगामातला मासा मात्र सोडलाच पाहिजे. आमची ट्राउट यात कुठेच बसत नव्हती. मी नियमाप्रमाणे आधी डोक्यावर फटका मारून तिला बेशुद्ध केले आणि मग मारले. लेक पाठ करून उभी होती.

गाडीत ती म्हणाली, "वाळणकोंडला तर कोणी धरतच नाही. इथे धरलेला सोडता येत नाही. मग बरोबर काय?"

माझे आजोळ महाडचे. तिथून जवळ काळ नदीवर वाळणकोंडचा डोह आहे. त्यातले महसीर देवीचे मासे. लोक त्यांना कुरमुरे घालतात, गळ कोणी घालत नाही. आदल्याच वर्षी लेकीने ते पाहिले होते. तिच्या प्रश्नाला मला उत्तर सुचले नाही. सुचले नाही की मी वाचायला बसतो, ही जुनी खोड. वाचता वाचता इतिहासच गळाला लागला.

पहिली गोष्ट कळली ती ही की, या भागात मासा धरणे हा एकेकाळी लढ्याचा विषय होता. आमच्या घरापासून गाडीने तासाभरावर मेमिंगेन गाव आहे. १५२५ च्या मार्चमध्ये तिथे आसपासच्या शेतकऱ्यांचे तीन जथे जमले. त्यातला एक बोडेनझेकाठचा. त्यांनी बारा मागण्यांचा जाहीरनामा काढला. त्यातली चौथी मागणी अशी की, रानातली शिकार, पाखरे आणि वाहत्या पाण्यातला मासा सामान्य माणसालाही धरता यावा. तोवर तो हक्क सरदार आणि मठांचा. बंड चिरडले गेले, हजारो शेतकरी मेले. परीक्षेच्या फीवरून मी जी कुरकुर केली होती, ती हे वाचून बंद झाली.

दुसरी गोष्ट आहे श्टेफान लुडविग याकोबी या माणसाची. हा माझा लाडका. लिप्पे प्रांतातल्या होहेनहाउझेनचा जमीनदार, जन्म १७११ चा. हिवाळ्यात ओढ्यात ट्राउट रेतीत अंडी घालते, नर वरून त्यावर रेत सोडतो, हे त्याने काठावर बसून पाहिले. मग विचार केला, हेच आपण का करू नये? मादीचे पोट हलक्या हाताने दाबून अंडी भांड्यातल्या पाण्यात काढली, नराचे रेत त्यात मिसळून ढवळले आणि ती अंडी लाकडी पेटीत रेतीवर ठेवली. पेटीला दोन्ही टोकांना जाळी. ओढ्याचे पाणी एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूने जायचे. काही आठवड्यांनी अंड्यांत डोळ्यांचे काळे ठिपके दिसले, मग पिल्ले बाहेर आली. अनेक वर्षे प्रयोग करून १७६५ मध्ये त्याने हानोफरच्या एका नियतकालिकात सगळे लिहून काढले. इंग्लंडच्या राजाने (तो हानोफरचाही शासक होता) त्याला पेन्शन दिली.

आणि मग लोक विसरले! १८४० च्या दशकात फ्रान्सच्या व्होज डोंगरातल्या जोसेफ रेमी नावाच्या मच्छीमाराने तेच पुन्हा स्वतःहून शोधले. १८५२ मध्ये बाझेलजवळ ऱ्हाइनच्या काठी ह्युनिंगेनला मोठे अंडी उबवण केंद्र निघाले. १८८० च्या दशकात जर्मन मत्स्य संघाचे फ्रीडरिश फॉन बेअर यांनी इकडच्या तपकिरी ट्राउटची अंडी अमेरिकेला पाठवली, आणि तिकडून रेनबो ट्राउट इकडे आली. माक्स फॉन डेम बोर्ने यांनी ती आपल्या तळ्यांत वाढवली. म्हणजे आमच्या हातजाळ्यातली गुलाबी पट्ट्याची बाई मुळात अमेरिकन, आपल्यासारखीच स्थलांतरित. साहेबाने ट्राउट आपल्या काश्मीर आणि निलगिरीतही नेली, त्यामागेही विद्या हीच. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महसीरची पैदास होते, तीही अशीच पोट दाबून. धरणे ज्यांची, पेट्याही त्यांच्याच.

धरणांवरून आठवले. बोडेनझेत स्वतःची एक ट्राउट आहे, जर्मनमध्ये झेफोरेले. ती सरोवरात वाढते, चांगली हातभर होते, पण अंडी घालायला नदीत चढते. त्यातली काही वरच्या ऱ्हाइनने शंभर-एक किलोमीटर स्वित्झर्लंडच्या डोंगरात जातात. काठच्या देशांनी १८९३ मध्येच ब्रेगेंझला करार करून मासेमारीचे नियम एकत्र ठरवले. केवढी दूरदृष्टी, असे वाटते ना? पण नियम जाळ्यांचे आणि मापांचे होते. १९६२ मध्ये डोमाट-एम्सला जलविद्युत प्रकल्पाचा बंधारा झाला आणि वरची वाट बंद झाली. गळवाल्यांनी किती मासे धरले यावर भांडणे होत राहिली, आणि मासे कमी होत गेले.

मग याकोबीची पेटी धावून आली. मादी मासे धरून अंडी काढली, पिल्ले वाढवून ओढ्यांत सोडली. जात टिकली. पण पेटीने नदी उघडत नाही. २००० मध्ये त्या बंधाऱ्याला माशांसाठी जिना बांधला, तेव्हा जवळजवळ चाळीस वर्षांनी ट्राउट स्वतःच्या अंगच्या बळावर वर जाऊ लागली.

हे वाचल्यावर माझे मत बदलले, ते सांगतो. तळ्यातली आमची ट्राउट टाकीत वाढून आमच्या गळासाठीच आणलेली होती. ती खाल्ली म्हणून कुठल्या नदीचे काही गेले नाही. सोडली असती तर आम्हाला बरे वाटले असते, तिच्या तोंडातली जखम मात्र तशीच राहिली असती. कायद्याचे मला पटते. सरोवरात गळ टाकणाऱ्याला मात्र हातातल्या माशाआधी त्याची विणीची वाट ठाऊक हवी. वाळणकोंडबद्दलही आता प्रश्न पडतो: देवी डोह राखते, पण डोहाच्या वरची आणि खालची नदी कोण राखते? इथेही सगळे आलबेल आहे असे समजू नका. बोडेनझेतल्या फेल्खेन या माशावर २०२४ पासून तीन वर्षांची बंदी घालावी लागली, आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे मच्छीमार बसून राहिले.

त्या रविवारी ट्राउटला हळद, तिखट, कोकमाचे आगळ लावून सौ.ने तव्यावर तळली. लेकीने खाल्ली नाही. मी सगळे वाचलेले एका संध्याकाळी तिला सांगितले. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "तो जिना बघायला जाऊया."

गेल्या ऑक्टोबरात गेलो. बंधाऱ्याजवळ नदीकाठच्या वाटेवर थंडीत तासभर उभे राहिलो. पाणी हिरवट, गढूळ, धो धो आवाज. एकही मासा दिसला नाही. डब्यातले थालीपीठ तिथेच उभ्याने खाल्ले. गाडीत बसताना लेक म्हणाली, "नोव्हेंबरात यायला हवं होतं का?"

यंदा नोव्हेंबरची सुट्टी टाकून ठेवली आहे.