रंग, आगर आणि रोगजंतू

विज्ञानाच्या विद्यार्थ्याची प्रयोगशाळेतील पहिली ओळख होते ती लिटमसच्या कागदाशी. निळा कागद लिंबाच्या रसात बुडविला की तांबडा होतो आणि तांबडा कागद चुन्याच्या निवळीत बुडविला की निळा होतो. पुढे जीवशास्त्राच्या वर्गात काचेच्या थाळीत वाढविलेले जंतू पाहावयास मिळतात. या दोन गोष्टींचा परस्परांशी काय संबंध, हे मात्र पुष्कळांना माहीत नसते. तो संबंध कसा जुळला याचा इतिहास उद्बोधक आहे. घरातील साध्या जिनसांना त्यात मोठे स्थान आहे.

१६६४ साली रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाने रंगांविषयीचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात व्हायोलेट फुलांच्या पाकाचा प्रयोग सांगितला आहे. ही फुले म्हणजे आपल्या युनानी हकिमांच्या औषधांतील बनफ्शा. या पाकात अम्ल घातले की तो तांबडा होतो व अल्कली घातली की हिरवा. ‘अल्कली’ हा शब्द मुळात अरबी आहे. वनस्पती जाळून मिळणाऱ्या क्षारयुक्त राखेला ‘अल्‌-कली’ म्हणत. लिटमसही ज्या जीववर्गापासून काढतात, त्यातच आपल्या मसाल्यातील दगडफूल येते. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे तर कपडे धुणाऱ्या प्रत्येकाने पाहिले आहे. असे रंग बदलणारे पदार्थ म्हणजेच दर्शक.

आता जंतूंकडे वळू. एकोणिसाव्या शतकात जंतूंमुळे रोग होतात हे पटू लागले होते. पण एका जातीचे जंतू इतरांपासून वेगळे कसे काढावयाचे? मांसाच्या रश्श्यात ते सारे एकत्र मिसळून जात. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी त्यासाठी उकडलेल्या बटाट्याचे काप वापरले. मग १८८१ साली त्यांनी रश्श्यात जिलेटीन घालून तो गोठविण्याची रीत मांडली. घट्ट पृष्ठभागावर प्रत्येक जंतूची वसाहत स्वतंत्र वाढते. परंतु जिलेटीन उन्हाळ्यातच पातळ होई, मग शरीराइतक्या, म्हणजे ३७ अंश उष्णतेत ते टिकणार कसे? शिवाय काही जंतू ते खाऊनच टाकीत.

कॉख यांच्या हाताखाली वाल्टर हेस नावाचे डॉक्टर काम करीत होते. त्यांच्या पत्नी फॅनी हेस त्यांना प्रयोगांत मदत करीत. त्या घरी मुरंबे व गोड पदार्थ थिजविण्यासाठी आगर वापरीत. जावा बेटावर राहून आलेल्या डच शेजाऱ्यांकडून त्यांना ही समुद्रशैवालाची वस्तू कळली होती. आपल्या बाजारात ‘चायना ग्रास’ म्हणून मिळते तीच ही. आगर पाण्याच्या उकळबिंदूजवळ विरघळते आणि थिजल्यावर ३७ अंशांत पातळ होत नाही. बहुतेक जंतू ते खाऊ शकत नाहीत. फॅनीबाईंनी ते सुचविले आणि अडचण सुटली. १८८२ साली क्षयाच्या जंतूवरील निबंधात कॉख यांनी आगरचा उल्लेख केला, मात्र ते सुचविणाऱ्या बाईंचा केला नाही. १८८७ साली पेट्री यांनी झाकणाची काचथाळी पुढे आणली. तिला त्यांचे नाव मिळाले आणि ते आजही चालू आहे.

याच विद्येची मुंबईला लवकरच गरज पडली. १८९६ साली शहरात प्लेग आला. वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात जंतू वाढवून लस तयार केली. हिंदू व मुसलमान, कोणाच्याही धर्मभावना दुखावू नयेत म्हणून त्यांनी माध्यमासाठी बकऱ्याचे मांस घेतले. त्यावर ते तुपाचे थेंब तरंगत ठेवीत. त्या थेंबांपासून प्लेगचे जंतू झुंबरासारखे खाली लोंबत वाढत आणि त्यावरून ते ओळखता येत. १० जानेवारी १८९७ रोजी ती लस त्यांनी प्रथम स्वतःला टोचून घेतली. लोक घाबरत असताना तिसरे आगाखान सुलतान मोहम्मद शाह यांनी ती उघडपणे टोचून घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपली वास्तूही दिली.

रंग आणि माध्यम यांची उत्तम सांगड अल्फ्रेड मॅकाँकी यांच्या १९०५ च्या निबंधात दिसते. त्यांच्या माध्यमात दुग्धशर्करा, पित्तक्षार व ‘न्यूट्रल रेड’ हा दर्शक होता. पित्तक्षार इतर पुष्कळ जंतूंना रोखतात. आतड्यात नेहमी असणारे ई. कोलाय जंतू दुग्धशर्करेपासून अम्ल तयार करतात, म्हणून त्यांच्या वसाहती गुलाबी-तांबड्या होतात. विषमज्वराचे जंतू तसे करीत नाहीत, त्यांच्या वसाहती फिक्या राहतात. पाण्यात मैला मिसळला आहे काय, याची तपासणी अशाच माध्यमांनी होऊ लागली. १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन यांनी अम्लतेला आकडा दिला, तोच पीएच किंवा सामू. ७ म्हणजे उदासीन, त्याखाली अम्ल व त्यावर अल्कली. एका अंकाचा फरक म्हणजे अम्लतेत दहापट फरक.

विद्यार्थी मित्रांनो, दर्शकाचे प्रयोग घरी हळद, जास्वंद व लिंबू घेऊन खुशाल करा. जंतू वाढविण्याचे काम मात्र प्रयोगशाळेत शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावे आणि थाळ्या निर्जंतुक केल्याखेरीज टाकू नयेत.

पालकांना एकच विनंती. मुलीला विज्ञान शिकवून काय करावयाचे, तिला शेवटी स्वयंपाकघरच सांभाळावयाचे आहे, असे अजूनही कुठे कुठे ऐकू येते. फॅनी हेस यांची माहिती स्वयंपाकघरातलीच होती. ती जगाच्या उपयोगी पडली, कारण त्यांना प्रयोगशाळेतही वावरता आले. आपल्या मुलींना तेवढी वाट मोकळी करून द्यावी, आणि त्यांच्या कामावर त्यांचे स्वतःचे नाव लागेल इतके शिक्षणही द्यावे.